आठ बारांपर्यंत सगळं माफ!

जॅझ शिकवणारं पुस्तक लिहायला घेतलंत? छान. कॉपीराइटची कटकट अगदी शेवटासाठी ठेवा. आधी चाळीसेक स्टँडर्ड्सच्या, म्हणजे जॅझवाले सगळेच वाजवतात त्या गाण्यांच्या, चाली स्वरलिपीत उतरवा, पानं लावा, मुखपृष्ठ करून घ्या. मग मालकांना विचारा. मधल्याच एखाद्या चालीला नकार आला की अनुक्रमणिका आणि ‘मागच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे’वाली वाक्यं दुरुस्त करण्यात वेळ मजेत जातो.

बार म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एकेक खण; ‘परवानगीशिवाय आठ बारांपर्यंत चालतं’ हा नियम उराशी धरा. अमेरिकेच्या कायद्यात तो कुठेच नाही, एवढीच काय ती अडचण. फेअर यूजचं, म्हणजे विनापरवानगी रास्त वापराचं, कलम 107 चार गोष्टी बघतं: वापर कशासाठी, मूळ कृती कशी, घेतलं किती आणि त्यातलं महत्त्वाचं किती, बाजारावर परिणाम काय. त्यात बत्तीस बारांच्या ए-ए-बी-ए गाण्यातले पहिले आठ बार म्हणजे सगळा ए-भाग, जो तीनदा येतो. मोजायला पाव, ऐकायला पाऊण! शिवाय ‘उल्लंघनाचा हेतू नाही, सर्व हक्क मूळ मालकांचे’ अशी टीप टाकाच. चाल दुसऱ्याची आहे हे ठाऊक होतं, असं तुम्हीच लिहून दिलेलं बरं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाची वैधानिक भरपाई एका कृतीमागे 1,50,000 डॉलरपर्यंत जाऊ शकते.

लायसन्स काढायचंच तर मेकॅनिकल काढा. ते ध्वनिमुद्रणाचं असतं, पण मिळतं लवकर. छापील स्वरलिपीला लागणारा प्रिंट हक्क संगीत प्रकाशकाकडे किंवा त्याने नेमलेल्या कंपनीकडे असतो, आणि त्यांना सरळ नाही म्हणता येतं. अर्जात बार किती, शब्द आहेत का, प्रती किती, किंमत काय, कोणते देश, हे सगळं भरावं लागतं. ई-पुस्तकाचा उल्लेख तेवढा टाळा, म्हणजे पुन्हा अर्ज करायचा आनंद मिळेल.

कोल पोर्टर यांचं ‘व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह?’ हे गाणं 1929चं. अमेरिकेत 1 जानेवारी 2025ला कॉपीराइटमधून मोकळं झालं, तेव्हा युरोपातही बेलाशक विका. तिथे कर्त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं मोजतात आणि कोल पोर्टर गेले 1964मध्ये, म्हणजे 2034 संपेपर्यंत थांबायचं. पण एवढं कोण बघतं?

फक्त एक करू नका: चाल वगळून नुसते कॉर्ड, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणारे स्वरसमूह, घेणं. शीर्षकाला कॉपीराइट नसतो, नेहमीच्या कॉर्ड प्रोग्रेशनवरही (कॉर्डच्या क्रमावरही) सहसा कुणी हक्क सांगू शकत नाही. जॅझ संगीतकार टॅड डॅमरनने याच गाण्याच्या कॉर्डवर ‘हॉट हाउस’ रचलं. तुम्हीही त्यावर स्वतःच्या ओळी लिहिल्यात, तर जी हाफ-डिमिनिश्ड या कॉर्डमधला एफ स्वर पुढच्या सी सेव्हन कॉर्डच्या ई-वर कसा उतरतो हे विद्यार्थ्याला थेट दिसेल आणि परवानगीपोटी दमडीही जाणार नाही. पण मग त्या ओळी तुम्हालाच लिहाव्या लागतील, आणि त्या वाजवून बघाव्या लागतील ते वेगळंच.