फर्मवेअरच्या चुका ड्रायव्हरने किती काळ निस्तरायच्या?

वायरलेस कार्डाच्या फर्मवेअरमध्ये (कार्डाच्या चिपवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष असावा आणि तो ड्रायव्हर (संगणकाच्या बाजूने ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याने निस्तरावा, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्यासमोरचे कार्ड वीजबचतीच्या अवस्थेत गेले की पुन्हा जागेच होत नाही. ड्रायव्हर आज्ञा पाठवतो, मुदत संपेपर्यंत उत्तराची वाट पाहतो, आणि शेवटी लॉगमध्ये टाइमआउटची एक ओळ तेवढी उमटते. राउटरचा बीकन, म्हणजे आपण हजर असल्याचा त्याचा ठरावीक छोटा संदेश, साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. ठरलेला बीकन ऐकण्यापुरते जागे व्हावे आणि पुन्हा झोपावे, इतके मूलभूत कामही त्या फर्मवेअरला धड जमत नाही. मग आम्ही ड्रायव्हर लिहिणारे वीजबचतच बंद करतो आणि बॅटरीचा भुर्दंड वापरणाऱ्याच्या माथी मारतो.

लिनक्समध्ये ड्रायव्हरचा कोड खुला असला, तरी चिपमध्ये चढणारी फर्मवेअरची फाइल बहुतेक वेळा बंद बायनरी, म्हणजे मूळ कोडशिवाय मिळणारी, असते आणि तिला हात लावता येत नाही. म्हणून अमुक आवृत्ती असेल तर अमुक सुविधा वापरू नये, चिप अडकली तर ती रीसेट करून एन्क्रिप्शनच्या कीज नव्याने भराव्यात, अशी ठिगळे लावत बसावे लागते. आणि काही वर्षांनी ते ठिगळ नेमके कशासाठी होते हे कोणालाच आठवत नसल्यामुळे ते काढण्याची हिंमत होत नाही. सर्वांत जास्त संताप येतो तो फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीसोबत ‘विविध सुधारणा’ एवढेच लिहिलेले पाहून. काय दुरुस्त केले ते दोन ओळींत सांगा ना, माझे चार दिवस वाचतील!