ओटीपी दिला नाही तरी पैसे जातात

दिवाळीपासून आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांमध्ये एक मेसेज फिरतोय: "ऑनलाइन खरेदीला घाबरू नका. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की वेबसाइट खरी. कॅश ऑन डिलिव्हरी घेतली की पैसे बुडत नाहीत. ओटीपी कोणाला सांगितला नाही तर खात्यातून एक रुपयाही जात नाही. आणि गेलाच तर बँक भरून देते." पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हे मला ठाऊक आहे. पण कुलूप, कॅश, ओटीपी आणि बँक, हे चारही दावे माणसाला गाफील करतात. आमच्या शेजारच्या काकू हाच मेसेज वाचून निर्धास्त झाल्या होत्या.

कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यातला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. भामट्यालाही ते फुकटात, काही मिनिटांत मिळतं. लोक त्याला खरेपणाची खूण समजतात, म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं. त्यापेक्षा विक्रेत्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते देणं बंधनकारक आहे. नसेल तर तिथे खरेदी करू नका.

आता कॅश ऑन डिलिव्हरी. काकूंना भाचीच्या लग्नासाठी पैठणी हवी होती. मंगळ बाजारात मनासारखी मिळाली नाही, तेवढ्यात फोनवर जाहिरात दिसली: 'येवल्याची अस्सल पैठणी, फक्त १,४९९ रुपये'. हातमागावरची पैठणी या भावात मिळत नाही, पण पैसे दारात द्यायचे म्हणून त्यांनी मागवली. पार्सल आलं. त्या फोडायला गेल्या तर पार्सल आणणारा मुलगा म्हणाला, "बेन, पहेला पैसा आपो, पछी खोलजो." त्याचीही चूक नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. पैसे देऊन पिशवी फोडली. पदरावरचे मोर विणलेले नव्हते, छापलेले होते. हातमागाचा पदर उलटा केला तरी तसाच दिसतो. हा उलटा केला तर नुसता पांढरट. पिशवीवर पाठवणाऱ्याचा पत्ताही धड नव्हता. रोख दिली म्हणून सुटका होत नाही, पार्सल उघडेपर्यंत पैसे गेलेले असतात. पैसे देण्याआधी उघडून दाखवायची सोय असेल तरच दारात पैसे देण्याला अर्थ आहे.

खरं नुकसान पुढे झालं. काकूंनी परतावा मिळवायला कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधला. वर आलेला नंबर भामट्याचाच होता. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 'रिफंड फॉर्म' म्हणून एक फाइल पाठवली. ती एपीके होती, म्हणजे फॉर्म नव्हे, अ‍ॅप. काकूंनी ते उघडलं, कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरले, आणि 'मेसेज वाचण्याची परवानगी' विचारल्यावर हो म्हटलं. ओटीपी त्यांनी कोणालाही सांगितला नाही. सांगायची गरजच उरली नव्हती, ते अ‍ॅप तो परस्पर वाचत होतं. मेसेजमधलं ओटीपीचं वाक्य त्यांनी तंतोतंत पाळलं, तरी पैसे गेले.

याशिवाय परदेशी वेबसाइटवर कित्येकदा ओटीपी लागतच नाही, कार्डाचे आकडे पुरतात. म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर बंद ठेवा आणि ऑनलाइन खर्चाची मर्यादा कमी करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेने ही सोय प्रत्येक कार्डधारकाला द्यायला लावली आहे. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. 'पैसे घ्यायला पिन टाका, क्यूआर स्कॅन करा' असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या.

राहिलं 'बँक भरून देते'. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे सगळं घड्याळावर आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. ते काढून घेतल्यावर फारसं काही हाती लागत नाही.

काकूंनी जावई काय म्हणतील या भीतीने रात्रभर कोणाला सांगितलं नाही. सकाळी माझ्याकडे आल्या, तेव्हा डोळे सुजलेले होते. आम्ही आधी बँकेला, मग १९३० वर फोन लावला. खात्यातून दोन रकमा गेल्या होत्या. पहिली आदल्या दुपारी, दुसरी त्या दिवशी पहाटे. दुसरी मोठी होती.