बाळंतपणात बीपी वाढलं होतं? मग ते कार्ड फेकू नका

माझी अक्का ३४ वर्षांची आहे. तिचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. लकवा मारला त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, ‘यांना बीपीचा त्रास होता का?’ आम्ही सगळे म्हणालो, नाही.

होता की! २० व्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आठव्या महिन्यात पाय सुजले, बांगड्या मनगटात रुतल्या, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. ‘पोटुशीला सूज येतीच’ म्हणून घरात विषय मिटला. मग एका रात्री जीपमध्येच झटके आले. मॅग्नेशियमची इंजेक्शनं, सिझर, आणि लेकरू अन् माय दोघंही वाचले. सव्वा महिन्यात बीपी उतरलं, गोळ्या बंद. पुढं बीपी तपासत राहा, हे ना कुणी सांगितलं, ना कार्डावर लिहिलं.

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, अस्तरासारखा. या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, त्यानं वाहिनी सैल राहते. गरोदरपणात गर्भाशयाच्या वाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडतं. मग वारेतून आईच्या रक्तात एक प्रथिन जास्त उतरतं आणि अस्तराला जपणारे घटक अडवून धरतं. बीपी चढतं ते त्यामुळं, लघवीतून प्रोटीन जातं तेही त्यामुळंच. वार पडली की बीपी बहुधा उतरतं, पण अस्तर पहिल्यासारखं होतंच असं नाही. कित्येक बायकांच्या वाहिन्या काही वर्षांनी तपासल्या तरी हव्या तेवढ्या सैल होत नाहीत. यातलं काही दुबळेपण आधीपासूनचंही असू शकतं. काहीही असो, गरोदरपणात बीपी चढण्याचा हा आजार, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, झालेल्या बाईला पुढं हृदयविकाराचा आणि लकव्याचा धोका साधारण दुप्पट असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०११ मध्येच हा इतिहास हृदयविकाराच्या धोक्यांत धरला.

आणि आपण? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी होते, चांगलीच गोष्ट आहे. बाळंत झाली की बाई त्या यादीतून जाते. बीपी-शुगरची गावोगावची तपासणी धरते तिशीपासून. आमच्या मराठवाड्यात पोरी विशीत, कधी त्याच्याही आधी बाळंत होतात. मधली दहा वर्षं त्या कुणाच्या रजिस्टरात आहेत? त्यात बीडकडची बाई लेकरू कडेवर घेऊन कारखान्याच्या फडावर गेली, की सहा महिने आशाताईंनाही सापडत नाही. बाळंतपणात बीपी वाढलेल्या बायकांसाठी वयाची अट काढलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. वर्षातून एकदा दंडाला पट्टा बांधायला असा किती वेळ लागतो?

मागच्या महिन्यात भाची बाळंत झाली. बीपी १५०/१०० होतं. डिंकाचे लाडू पोचवायला गेले तेव्हा तिच्या कार्डाच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक माहेरी, एक सासरी. सासूबाईंना शेजारी बसवून सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘माझंबी थोरल्याच्या वक्ताला असंच झालतं.’

दुसऱ्या दिवशी त्यांनाही घेऊन गेले. १७०/१०० निघालं.