तिला गप्प बसता येईल अशी जागा

परवा रात्री अकराला एका मुलाचा मेसेज आला. "ताई, तिला प्रपोज करायचंय. फोटो तुम्हीच काढायचे. नाशिकमधलं सगळ्यात भारी लोकेशन सांगा, बजेटचं टेन्शन नाही." थंडी सुरू झाली की असे मेसेज वाढतात. बारा वर्षं या शहरात लग्नांचे फोटो काढतेय, आणि प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसते, म्हणून आज इथे सविस्तर लिहिते.

मला हे प्रपोजचं प्रकरण मनापासून आवडतं. माझ्या आईच्या वेळी मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायची आणि पसंती-नापसंतीचा निरोप चार दिवसांनी तिसऱ्याच माणसाकडून यायचा. आता मुलगा स्वतः समोर बसून विचारतो, माझ्याशी लग्न करशील का. हे चांगलंच झालं. त्या क्षणाचा फोटो हवासा वाटणं यातही काही गैर नाही. पण लोकेशन शोधताना मुलं फक्त मागे काय दिसेल ते शोधतात. मी म्हणते, तू विचारल्यावर तिला दोन मिनिटं गप्प बसता येईल का, ते आधी बघ. बाकी सगळं नंतर.

हे मी शिकले ते एका वाईट अनुभवातून. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरातल्या एका गच्चीवरच्या हॉटेलात मुलाने सगळं सजवून घेतलं होतं. फुगे, दिव्यांच्या माळा, गाणं कधी वाजवायचं तेही ठरलेलं. दोन्हीकडचे आईवडील, मावशी, कॉलेजचे मित्र, सगळे पडद्यामागे मोबाईल धरून उभे. ती आली, तो गुडघ्यावर बसला, पडदा सरकला, टाळ्या. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. सगळे म्हणाले, बघा किती खूश झाली. मी लेन्समधून तिचे डोळे बघत होते. ती तिच्या बाबांकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. तिने मान हलवली, अंगठी घातली, केक कापला. आठ दिवसांनी तिचा फोन आला, "ताई, ते फोटो डिलीट कराल का?" मी कारण विचारलं नाही. तीनशे बारा फोटो होते. एकेक करून नाही, पूर्ण फोल्डरच पुसला, बॅकअपमधूनही. त्या दिवशी तिला "मला जरा वेळ दे" एवढंच म्हणायचं असेल, तर ते म्हणायला त्या गच्चीवर जागाच नव्हती. त्यानंतर माणसं लपवून ठेवलेलं एकही शूट मी घेतलेलं नाही.

आता नाशिकच्या जागा. सगळ्यात जास्त मागणी असते गोदावरीच्या घाटाची, आणि तिथेच मी सगळ्यात जास्त भांडते. रामकुंडावर प्रपोज करू नका. गोदावरी तिथे दक्षिणेकडे वळते, दृश्य सुंदर आहे, सकाळचा उजेड पाण्यावरून वर येतो, सगळं मान्य. पण तिथे देशभरातून माणसं अस्थी घेऊन येतात. माझ्या आजीच्या अस्थी आम्ही तिथेच सोडल्या. बाबा ओलं धोतर नेसून पाण्यात उभे होते, हातातलं मडकं सोडवत नव्हतं त्यांना, आणि मागच्या पायरीवर कुणीतरी ओरडत होतं, "काका, जरा साइडला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." बाबा खरंच बाजूला सरकले. ते सरकणं मी विसरलेले नाही.

घाटच हवा असेल तर नारोशंकराच्या देवळाच्या बाजूला, कोपऱ्यात, उजाडताना जा. 1747 सालचं देऊळ आहे. त्या काळ्या दगडावर पहिलं ऊन पडतं तेव्हा दगडाचा रंग मधासारखा होतो, तो मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. गुडघ्यावर बसणं, फुगे, धूर वगैरे तिथे नको, ते देऊळ आहे. नुसतं शेजारी बसून बोला, मी लांबून फोटो काढते. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे कुठे खोदलंय, कुठे पत्रे लावलेत ते आदल्या दिवशी बघून या. आणि पावसाळ्यात घाटाचं नावच काढू नका. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर पुलावर पाणी बघायला जातात, अंगठी घेऊन खाली उतरत नाहीत.

सोमेश्वरचा धबधबा तसाच. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असतं तेव्हा दिसतो भारीच, पण खडक शेवाळलेले, माणसांची रेटारेटी, आणि आवाज एवढा की त्याने काय विचारलं ते तिला ऐकूच जात नाही. एका मुलाला तीनदा ओरडून विचारावं लागलं होतं. उन्हाळ्यात तिथे नुसते दगड उरतात.

द्राक्षबागेचं मात्र थोडं जास्त सांगते, कारण तिथे माझा जीव आहे. माझं माहेर दिंडोरीकडचं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग भरत जाते आणि जानेवारी-फेब्रुवारीत वेलींच्या मांडवाखाली उभं राहिलं की डोक्यावर सगळे घड. पण तीन गोष्टी आधीच माहीत असू द्या. एक, मांडवाखाली पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, चेहरे आजारी दिसतात. म्हणून रांगेच्या टोकाशी, मोकळ्या उजेडाकडे तोंड करून बसायचं. दुसरं, जानेवारीत बरेच शेतकरी घडांना कागद गुंडाळतात. तुम्ही मनात हिरवेगार घोस धरून याल आणि वर लटकलेली असतील वर्तमानपत्रं. मला ते फोटो आवडतात, पण काही जणांचा हिरमोड होतो. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, घडाला हात लावायचा नाही. मण्यावर पांढुरका थर असतो, बोट लागलं की तो पुसला जातो, आणि पोज द्यायला म्हणून धरलेल्या त्या घडासाठी कुणीतरी वर्षभर राबलेलं असतं. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आत जायचंच नाही, फवारणी झाली असेल तर बिलकूल नाही. एप्रिलात खरड छाटणी झाली की बाग उघडी पडते, नुसते खुंट आणि तारा. त्या दिवसांत वाइनवाल्यांच्या बागा दाखवा म्हणून लोक मागे लागतात, तिथेही हीच गत.

पांडवलेणी मी कमी जणांना सुचवते, पण ज्यांना सुचवते त्यांना आग्रहाने. पायऱ्या चढून वर जायचं, दम जिरू द्यायचा, खाली शहर पसरलेलं असतं. मोबाईलवर फोटो चालतात, ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती काढा. चोवीस लेणी आहेत. दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, त्याच्या दानांची मोठी यादी. आणि तिथेच त्याची बायको दक्षमित्रा हिच्या नावाचा लेख आहे, तिने स्वतः दिलेल्या खोलीचा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या दानाशेजारी बायकोचं दान तिच्या नावाने कोरलंय. लग्नाचं विचारायला याहून चांगली भिंत मला माहीत नाही. शूटच्या आधी प्रत्येक जोडप्याला मी ती दाखवतेच.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गर्दी वाढलीय, तरी आठवड्यातल्या मधल्या वारी पहाटे गेलात तर अजून शांतता मिळते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला वर येतो आणि पाण्यावर धुकं असतं. शाल न्या. फोटोसाठी म्हणून पातळ ड्रेस घालून मुली कुडकुडत बसतात, ओठ निळे पडतात, मग कसलं प्रपोज! धरणाच्या भिंतीवर जायचं नाही आणि ड्रोन उडवायचा नाही. तो हट्ट घेऊन आलात तर मी येणार नाही.

तिथलीच एक सकाळ. ती शाळेत शिकवते, तो मेडिकल चालवतो. धुकं इतकं दाट की ठरवलेला सूर्योदय झालाच नाही. मी पक्ष्यांचे फोटो काढतेय असं दाखवत लांब बसले होते. दगड ओले होते म्हणून ती आपल्या चपलांवर बसली होती. त्याने गुडघ्यावर वगैरे न बसता, शेजारी बसूनच विचारलं. ती काही बोलली नाही. एक खडा उचलला, पाण्यात टाकला. मग दुसरा. मी कॅमेरा खाली ठेवला, कारण तो वेळ माझा नव्हता. सात-आठ मिनिटं गेली असतील. तो हलला नाही, पुन्हा विचारलं नाही, अंगठीची डबी मुठीत धरून नुसता बसून राहिला. मग तिने विचारलं, "लग्नानंतर माझ्या आईचं औषधपाणी मी बघणार, चालेल?" तो म्हणाला, "औषधं तर माझ्याच दुकानातली आहेत." ती हसली तेव्हा मी कॅमेरा उचलला. मागे ना डोंगर दिसतो, ना पाणी, सगळं पांढरं. माझ्या बारा वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो तो आहे. त्यांनी विचारलं तरी मी तो कुठे टाकलेला नाही.

तर परवाच्या त्या मुलाला मी उलट विचारलं, "ती वैतागली की कुठे जाते रे?" बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "गोदापार्कला. एक बाक आहे, झाडाखाली. पण ताई, तिथे काहीच नाहीये बघण्यासारखं."

शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं तो बाक बघून येणार आहोत. झाडाखाली उजेड कधी पोचतो ते बघायचंय.