सोसण्याबद्दल मी चुकीचं लिहिलं

दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले, पण दोन ओळींच्या पुढं जाता येईना. आज सकाळी पुन्हा बसले आहे.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या आईंना आमवात आहे आणि सहा वर्षं त्या स्टेरॉइडच्या गोळीवर आहेत. डॉक्टरांनी गोळी कमी करायला घेतली. मीही आमवाताची रुग्ण. त्याच सुमारास गोळी कमी करण्याबद्दलचा माझा लेख त्यांच्या हाती लागला. त्यात मी लिहिलं होतं, "डोस उतरवला की आठ-दहा दिवस दुखतंच, ते सोसलं की पुढची पायरी सोपी जाते." आईंनी ते मनावर घेतलं आणि उजवं मनगट सुजलेलं असताना नऊ दिवस कुणाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, डॉक्टर नसताना असलं लिहिता कशाला? आणि शेवटी हेही विचारलंत, की गोळी इतकी वाईट असेल तर एकदाच बंद का करू नये?

पहिलं आधी. वाक्य माझंच होतं आणि ते चुकलं. 'सोसलं' हा शब्द मी सहज वापरला, कारण आमच्या घरात तो कौतुकाचाच शब्द होता. आजी, आई, मावशी, सगळ्यांनी दुखणी अंगावर काढली आणि सगळ्यांनी त्यांची तारीफ केली. हा शब्द तुमच्या आईंसारख्या बाईच्या कानाला कसा ऐकू येईल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांना नऊ दिवस जे भोगावं लागलं, त्याबद्दल मी त्यांची मनापासून माफी मागते. ते वाक्य लेखातून काढलं आहे, आणि का काढलं तेही तिथं लिहिलं आहे.

मला सांगायचं होतं ते असं. वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावर ती कमी केली की दुखणं दोन तऱ्हांचं येतं. एक अंगभर असतं. मांड्या, पाठ, खांदे ठणकतात, गळून गेल्यासारखं वाटतं, चिडचिड होते. पण सांधा सुजत नाही. शरीराला सवयीपेक्षा कमी मिळालं म्हणून ते होतं आणि बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत ओसरतं. दुसरं म्हणजे खुद्द आजारच उसळतो. तेव्हा ठरावीक सांधा सुजतो, हाताला गरम लागतो, सकाळी तासाहून जास्त वेळ आखडलेला राहतो आणि रोज थोडा वाढत जातो. मी पहिल्याबद्दल लिहीत होते, तुमच्या आईंना दुसरं झालं होतं. आणि हा फरक मी लेखात एका ओळीनंही सांगितला नव्हता.

मला स्वतःला तो ओळखायला वर्ष लागलं. आजार उसळला की रक्ताच्या तपासणीत सीआरपी, ईएसआर हे सूज दाखवणारे आकडे बहुतेकदा वाढलेले दिसतात, पण तपासणी रोज थोडीच होते? मला समजलं ते बांगडीवरून. डाव्या हातात मी दोन काचेच्या बांगड्या घालते. बऱ्या दिवशी त्या मनगटावरून कोपराकडं चार बोटं सहज सरकतात. सूज आली की मनगटाच्या हाडापाशीच अडतात. आणि दुसरं, भाकरी. पिठाचा गोळा तळव्यानं थापता येतो, पण तो मळताना मूठ आवळावी लागते. मूठ वळायला किती वाजले, ते मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या चौकोनातच लिहू लागले. सहाला उठले, पावणेसातला मूठ वळली. दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी सव्वासात. तीन दिवस आकडा चढता दिसला की डॉक्टरांना फोन, असं आमचं ठरलं. दुखतंय किती, हे मला कधीच नीट सांगता आलं नाही. मूठ किती वाजता वळली हे सांगता येतं.

फोन केला की डोस भसकन वाढवतात, अशीही एक भीती असते. तुमच्या आई बहुधा त्याच भीतीनं गप्प राहिल्या असतील, की महिन्यांचे कष्ट वाया जातील. माझा अनुभव तसा नाही. साडेसातवरून पाच मिलिग्रॅमवर आल्यावर माझी बोटं सुजली, तर डॉक्टरांनी फक्त मागच्या पायरीवर नेलं, पुन्हा साडेसातवर. महिनाभर तिथंच ठेवलं. मग एक दिवस साडेसात, एक दिवस पाच, असं करत पाचवर आणलं. मेथोट्रेक्झेट, म्हणजे आमवात मुळातून दाबणारं औषध, त्याची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीही वाढवली. तिचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर घाई करायची नाही म्हणाले. एकच सांधा रुसला असेल तर कधी त्या सांध्यातच इंजेक्शन देतात. म्हणजे मार्ग असतात, पण कळवल्याशिवाय ते कुणी काढणार कसे?

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि इथं मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. एकदम बंद करू नका. आईंना करू देऊ नका.

आपल्या मूत्रपिंडांवर अधिवृक्क नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. गोळीच्या हिशेबात साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या नेहमीच्या गोळीच्या) तोडीचं. बाहेरून रोज गोळी येत राहिली की मेंदू त्या ग्रंथींना हाक मारणं थांबवतो आणि त्या आळसावतात. तीन-चार आठवड्यांच्या वर गोळी चालली तरी हे होऊ शकतं, आईंची तर सहा वर्षं झाली. वर्षभर तालमीत न गेलेल्या पैलवानाला कुणी पहिल्याच दिवशी कुस्तीला उभा करत नाही. म्हणून चाळीसवरून वीसवर लवकर आणतात आणि पाचच्या खाली एकेका मिलिग्रॅमला महिना लावतात. ग्रंथी पुरती जागी व्हायला कधी वर्षही जातं. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसोल तपासून ते कळतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पुराचं पाणी कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या दारात आलं, तेव्हा मी तीन वर्षं दहा मिलिग्रॅमवर होते. नेसत्या कपड्यांनिशी नणंदेकडं गेलो. गोळ्या कपाटातच राहिल्या. एवढ्या गडबडीत माझ्या गोळ्यांचं काय घेऊन बसायचं, म्हणून मी बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. सगळ्यांना वाटलं, पाणी बाधलं. चौथ्या दिवशी नणंदेनं जवळच्या डॉक्टरांकडं नेलं. रक्तदाब खूप उतरला होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रोजची कुठली गोळी चालू आहे?" मी नाव सांगितलं आणि त्यांनी लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं (म्हणजे कॉर्टिसोलचंच) इंजेक्शन आणि सलाईन लावलं. संध्याकाळी मी उठून चहा प्याले. अजून एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

म्हणून एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. डोस कमी होत असताना उलट्या, चक्कर, कमालीचा थकवा असं काही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. ताप आला तर गोळी चुकवायची नाही. उलट त्या दिवसांत ती जास्त लागते, किती ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलटीमुळं गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनच लागतं. दात काढायचा असो की ऑपरेशन, स्टेरॉइड चालू आहे हे आधी सांगायचं. माझ्या पर्समध्ये तशी चिठ्ठी असते. आणि आई कुणाच्या सांगण्यावरून सांधेदुखीच्या पुड्या घेत असतील तर तेही डॉक्टरांना कळू द्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. पुडी थांबली की डोस अचानक तुटतो आणि कारण कुणालाच समजत नाही.

गोळी वाईट आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे याच जातीचं स्टेरॉइड दिलं आणि ती थोड्या दिवसांत चालू लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मोतीबिंदू, हे सगळं पुढं कळत गेलं. माझाही चेहरा सुजला, दंडावर नुसतं बोट लागलं तरी काळंनिळं व्हायचं. तरीही ज्या वर्षी मला कंगवा धरता येत नव्हता, त्या वर्षी याच गोळीनं मला उभं केलं.

मी डॉक्टर नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. म्हणून माझे आकडे आईंसाठी वापरू नका. त्यांची पायरी त्यांचे डॉक्टर ठरवतील. त्यांचं मनगट आता कसं आहे, तेवढं मात्र नक्की कळवा.

आणि हे पुढचं त्यांना वाचून दाखवा. काकू, उद्या सकाळी बांगडी सरकवून बघा. अडली तर चहा व्हायच्या आत मुलाला सांगा. नऊ दिवस तुम्ही सांगितलं नाही म्हणून तो माझ्यावर रागावला आहे, तुमच्यावर नाही.