खऱ्या मापातली फिटिंग आणि न वाचता येणारा नकाशा

जलवाहिन्यांचे नकाशे तयार करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: बेंड (वळण), टी (तिहेरी सांधा), रिड्यूसर (व्यास कमी करणारा तुकडा), व्हॉल्व्ह (झडप) अशा सर्व फिटिंग, म्हणजे वाहिनीला जोडायचे सुटे भाग, कॅटलॉगमधल्या खऱ्या मापातच काढाव्यात, कारण मोठे केलेले चिन्ह म्हणजे चुकीचा नकाशा, आता नकाशे पीडीएफवर पाहिले जातात, त्यामुळे ज्याला पाहायचे असेल तो झूम करील, तरीही प्लॉटवर (छापील नकाशावर) चिन्ह उठून दिसत नसेल तर लाइनवेट (रेषेची जाडी) वाढवावे किंवा ब्लॉक (चिन्हाचे तयार चित्र) अॅनोटेटिव्ह, म्हणजे कोणत्याही प्रमाणावर कागदावर एकाच आकाराचा राहणारा, करावा, आणि उरलेल्या शंकांसाठी लेजेंड (चिन्हांच्या अर्थांची सूची) आहेच. हा सल्ला शिस्तीचा आणि अचूकतेचा वाटतो, म्हणूनच तो टिकून आहे. मात्र त्यातला जवळपास प्रत्येक भाग कागदावर तपासला की कोसळतो, आणि त्याचा त्रास नकाशा काढणाऱ्याला नव्हे, तर खंदकाशेजारी उभे राहून तो वाचणाऱ्याला होतो.

आधी मापांचा हिशेब करू. १५० मिमी व्यासाच्या आखूड बांध्याच्या फ्लँजवाल्या (टोकांना बोल्टने जोडायच्या चकत्या असलेल्या) गेट व्हॉल्व्हची दोन तोंडांमधली लांबी २१० मिमी असते. १:५०० या प्रमाणावर ती ०.४२ मिमी भरते. व्हॉल्व्हचे चिन्ह म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, म्हणजे प्रत्येक त्रिकोणाच्या वाट्याला ०.२१ मिमी येतात, आणि तो काढायचा आहे ०.२५ मिमी जाडीच्या रेषेने. आत पांढरी जागा उरण्याचा प्रश्नच नाही. कागदावर एक काळा ठिपका उमटतो. फ्लँजची जाडी सुमारे २० मिमी धरली तर ती याच प्रमाणावर ०.०४ मिमी होते. १:१००० वर १०० मिमीची वाहिनी स्वतःच ०.१ मिमी रुंद असते, म्हणजे तांत्रिक आरेखनाच्या आयएसओ १२८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मालिकेतल्या ०.१३ मिमीच्या सर्वांत बारीक रेषेहूनही अरुंद. त्याच मानकानुसार दोन समांतर रेषांमध्ये किमान ०.७ मिमी अंतर हवे. खऱ्या मापातली फ्लँजची जोडी ही अट १:५०० वर पाळूच शकत नाही.

आता झूमविषयी. या दाव्याचे मूळ बहुधा मॉडेल स्पेसमधल्या, म्हणजे ऑटोकॅड या आरेखनप्रणालीत नकाशा खऱ्या मापात काढण्याच्या भागातल्या, अनुभवात आहे. ऑटोकॅडच्या मॉडेल स्पेसमध्ये लाइनवेट पडद्याच्या पिक्सेलमध्ये दाखवले जाते, आणि कितीही जवळ गेले तरी रेषेची जाडी पडद्यावर तेवढीच राहते. त्यामुळे काढणारा जवळ जातो तसतसे त्रिकोण मोठे होतात, रेषा बारीकच राहते आणि चिन्ह स्वच्छ उलगडते. पीडीएफमध्ये असे घडत नाही. तिथे ०.२५ मिमीची रेषा ही पानावरची ०.२५ मिमीची रेषा असते, आणि झूम केल्यावर त्रिकोण व रेषा एकाच पटीत मोठे होतात. पानावर जो ठिपका होता तो आठपट झूमवर आठपट मोठा ठिपका होतो. काही वाचकप्रणालींत बारीक रेषांची हाताळणी बदलण्याची सोय असते, परंतु नकाशाची वाचनीयता समोरच्या माणसाच्या संगणकावरल्या एका पर्यायावर सोपवणे हे कामाचे लक्षण नव्हे. शिवाय खंदकाशेजारी बहुतेकदा पान असते, आणि ते सहसा मूळ आकाराचे नसते. ए१ आकाराचा नकाशा ए३ वर छापला की प्रत्येक लांबी निम्मी होते, १:५०० चे १:१००० होते आणि आधीच ठिपका झालेले चिन्ह दिसेनासे होते.

सर्वांत गंभीर आक्षेप अचूकतेचा आहे, आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण त्यात खरा अंश आहे. सर्वसाधारण नकाशावरचे चिन्ह वस्तूचे चित्र नसते. येथे अमुक वस्तू आहे, ती या दिशेने बसते आणि तिचा मध्य या बिंदूवर आहे, एवढेच ते सांगते. वाहिन्यांच्या सुलभ आरेखनाचे आयएसओ ६४१२ हे मानकही व्यास कितीही असो, वाहिनी तिच्या मध्यरेषेवरून जाणाऱ्या एकाच जाड रेषेने दाखवते. वाहिनीचा व्यास चित्रातून काढून मजकुरात देणे ज्यांना मान्य आहे, त्यांनी व्हॉल्व्हच्या लांबीचा आग्रह धरण्याला आधार उरत नाही. अचूकता जिथे राखायची ती चिन्हाच्या समावेशबिंदूत, म्हणजे ज्या बिंदूला धरून ते नकाशावर ठेवले जाते तिथे: तो बेंडच्या छेदबिंदूवर, टीच्या मध्यावर, व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर (तो उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या दांड्यावर) नेमका बसला पाहिजे, आणि निर्देशांक तक्त्यात त्याच बिंदूचे द्यायला हवेत. चिन्हाच्या कडेपासून कोणी पट्टीने अंतर मोजू नये, हे सर्वसाधारण टिपांमध्ये स्पष्ट लिहावे.

खरा अंश आहे तो गर्दीच्या जागी. कागदावर ४ मिमीचे चिन्ह १:५०० वर जमिनीवरची २ मीटर जागा व्यापते. एका टीच्या तिन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असतील आणि सगळे मिळून दोन-अडीच मीटरमध्ये बसत असतील, तर मोठी चिन्हे एकमेकांवर चढतात, आणि त्यांना वाचता यावे म्हणून बाजूला सरकवले तर नकाशा खरोखरच खोटे बोलू लागतो. या अडचणीचे उत्तर चिन्हे पुन्हा लहान करणे हे नाही. अशा सांध्यावर फक्त एक वर्तुळ आणि सांध्याचा क्रमांक द्यावा, आणि तपशील १:५० किंवा १:२० वर वेगळा काढावा. तिथे मात्र खऱ्या मापाचा आग्रह पूर्णपणे योग्य ठरतो: तोच २१० मिमीचा व्हॉल्व्ह १:५० वर ४.२ मिमी होतो, फ्लँज, डिसमँटलिंग जॉइंट (व्हॉल्व्ह सोडवून काढता यावा म्हणून दिलेला सांधा) आणि चेंबरची (व्हॉल्व्हभोवती बांधलेल्या खड्ड्याची) भिंत यांच्यातली जागा पुरते की नाही हे दिसते, आणि पाना फिरवायला जागा आहे का हेही तपासता येते. मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांनाही हेच लागू आहे. १२०० मिमीची वाहिनी १:५०० वर २.४ मिमी रुंद असते. ती दोन रेषांनी खऱ्या रुंदीत दाखवावी आणि तिच्यावरचे चिन्ह तिच्यापेक्षा अरुंद ठेवू नये. माझ्या मते कागदावर वाहिनीची रुंदी १ मिमीच्या खाली आली की एकेरी रेषेकडे वळावे.

लाइनवेट वाढवण्याचा उपाय उलटा आहे. चिन्ह ओळखू येते ते रेषांमधल्या पांढऱ्या जागेमुळे. रेषा जाड केली की पहिल्यांदा तीच जागा बुजते. रिकामे त्रिकोण आणि भरलेले त्रिकोण यांना लेजेंडमध्ये वेगळे अर्थ दिले असतील, तर जाड रेषेने तो फरकच नाहीसा होतो, आणि एका छायाप्रतीनंतर काहीच उरत नाही. वाहिनी ०.५ किंवा ०.७ मिमी, चिन्ह ०.२५ किंवा ०.३५ मिमी आणि पार्श्वभूमीचा भूनकाशा ०.१३ ते ०.१८ मिमी, अशी उतरंड ठेवली तर चिन्ह लहान जाडीतही सुटे दिसते. पार्श्वभूमीला फिका राखाडी रंग देतानाही सावध राहावे, कारण एकरंगी छपाईत राखाडी छटा ठिपक्यांनी बनते आणि बारीक रेषा तुटक दिसू लागते. तुटक रेषेला नकाशावर स्वतःचा वेगळा अर्थ असतो. केवळ रंगाने वेगळी केलेली फिटिंग एकरंगी प्रतीत वेगळी राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

अॅनोटेटिव्ह ब्लॉक ही उपयुक्त सोय आहे आणि ती वापरावी. पण तिने सगळे सुटत नाही. ब्लॉकला जे प्रमाण जोडलेले नाही त्या प्रमाणाच्या व्ह्यूपोर्टमध्ये (पानावरच्या ठरावीक प्रमाणाच्या चौकटीत) तो नेहमीच्या मांडणीत दिसतच नाही, आणि नसलेला व्हॉल्व्ह तपासणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. दुसरे असे की वाहिनीची रेषा चिन्हाभोवती कापलेली असेल, तर १:५०० साठी कापलेली फट १:२०० च्या व्ह्यूपोर्टमध्ये चिन्हापेक्षा मोठी होते आणि वाहिनी तुटल्यासारखी दिसते. म्हणून रेषा अखंड ठेवून ब्लॉकमध्येच वाइपआउट (खालची रेषा झाकणारा पांढरा तुकडा) घालावा, आणि ड्रॉ ऑर्डरमध्ये (वस्तू एकमेकांवर येण्याच्या क्रमात) तो वाहिनीच्या वर पण मजकुराच्या खाली असल्याची खात्री करावी. तिसरे म्हणजे, अॅनोटेटिव्ह आकार छापील पानाच्या घटीची दखल घेत नाही. नकाशा ए३ वर जाणार हे माहीत असेल तर अक्षरे २.५ ऐवजी ३.५ मिमीची घ्यावीत, म्हणजे घटीनंतर ती १.७५ मिमी उरतात, २.५ ची अक्षरे १.२५ वर येतात आणि ती छायाप्रतीत वाचता येत नाहीत. रेषांच्या जाडीची मालिका प्रत्येक पायरीला सुमारे १.४ पटीने वाढते, त्यामुळे निम्मी घट भरून काढायला दोन पायऱ्या वर जावे लागते: ०.१८ ऐवजी ०.३५.

उरला लेजेंड. पुष्कळ नकाशांवर लेजेंडमधला व्हॉल्व्ह १० मिमीचा, सुबक, आणि नकाशावरचा अर्ध्या मिमीचा असतो. वाचणाऱ्याला या दोघांचा संबंध लावता येत नाही. लेजेंडमधले चिन्ह नकाशावर आहे त्याच आकारात आणि त्याच जाडीत छापावे. ते तिथे ओळखू येत नसेल तर नकाशावरही येणार नाही, आणि हा दोष प्लॉट करण्याआधीच लक्षात येईल. शिवाय काही माहिती आकारातून सांगताच येत नाही. ११.२५ आणि २२.५ अंशांच्या बेंडमधला फरक चिन्हावरून कोणीही ओळखत नाही, आणि २०० वरून १५० वर येणारा रिड्यूसर कितीही नीट काढला तरी व्यास सांगत नाही. सांध्याचा क्रमांक, व्यास आणि कोन यांची नोंद चिन्हाशेजारी हवीच. याउलट एअर व्हॉल्व्ह आणि स्कावर व्हॉल्व्ह यांचा फरक आकारातूनच दिसला पाहिजे: एक उंचावरच्या बिंदूवर हवा सोडतो, दुसरा सखल बिंदूवर वाहिनी रिकामी करतो, आणि दोन्हींना शाखेच्या टोकाला सारखेच वर्तुळ दिले तर चेंबर चुकीच्या जागी बांधला जाऊ शकतो. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हच्या बाणाची टोकेही निम्म्या आकाराच्या एकरंगी प्रतीवर दिशा दाखवतात का, हे नकाशा पाठवण्याआधी एक पान छापून हातभर अंतरावरून पाहावे.