शून्य कार्बन म्हणे!

सकाळी स्टाफच्या ग्रुपवर निमंत्रणपत्रिका आली. हिरव्या अक्षरांत ‘आमचे शून्य कार्बन संकुल’ (म्हणजे हवेतल्या कार्बनमध्ये भर न घालणारं, असा दावा), कोपऱ्यात दोन पानं, मागे नव्या इमारतीचा चकचकीत फोटो. खाली अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस. मी फोन पालथा ठेवला आणि कामाला लागले.

दुपारी तीनचा तास त्याच इमारतीत होता. पश्चिमेच्या काचेवर ऊन, म्हणून पडदे ओढलेले. पडद्यांमुळे अंधार, म्हणून सगळे दिवे चालू. पडद्याआडची काच तापून वर्ग गरम, म्हणून एसी अठरावर. आणि गच्चीवर सौर पॅनेल बिचारी इमानेइतबारे वीज बनवतायत. कशासाठी? तर बाहेर लख्ख ऊन असताना आत दिवे लावायला. उद्घाटन व्हायचंय अजून, आणि ही अवस्था.

तर आज लिहिणार आहे. लांबलचक आहे, आधीच सांगते.

या इमारतीच्या बांधकाम समितीत मी होते. शिक्षक प्रतिनिधी म्हणून, म्हणजे सहीपुरती. आर्किटेक्टचा पहिला नकाशा खरंच छान होता. पश्चिमेला खोल छज्जे आणि उभ्या पट्ट्या, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, वर्गात पंखे, प्रत्येक मजल्याला वेगळा वीजमीटर. मग निविदा उघडल्या, आकडा बजेटच्या वर गेला आणि सल्लागार साहेब लाल पेन घेऊन बसले. याला ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ म्हणतात, असं आम्हाला सांगण्यात आलं. छज्जे? ‘पडदे लावू की.’ मारली रेघ. पंखे? ‘एसी आहे ना.’ रेघ. मीटर? ‘बिल तर एकच येतं.’ तिथेही रेघ. प्रवेशद्वाराची तीन मजली काच मात्र जशीच्या तशी राहिली, कारण तिथे देणगीदाराचं नाव लागायचं होतं.

विजेचं काम बघणारे आमचे काका कोपऱ्यात बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘साहेब, त्या वरच्या काचा पुसायच्या कशा?’ सगळे हसले. काका हसले नाहीत. इतक्या पदव्या असलेल्या त्या खोलीत इमारत बांधून झाल्यावर ती वापरायचीही असते हे फक्त त्यांच्या लक्षात होतं.

आता कोणीतरी येऊन म्हणेल, ‘मॅडम, पॅनेल बसवली ते तरी चांगलंच ना?’ हो बाबा, चांगलंच. पण आधी गळती, मग नळ. गळक्या हौदावर दुसरा नळ बसवून काय साधणार? शाळा-कॉलेजांना तर हे सगळ्यात सोपं जायला हवं. वर्ग दिवसा भरतात, सूर्यही दिवसाच असतो. (वसतिगृहांचं आणि प्रयोगशाळांचं वेगळं. रसायनशास्त्राच्या फ्यूम हूडमधून, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटातून, थंड केलेली हवा चोवीस तास बाहेर फेकली जाते, एकेक हूड कित्येक घरांइतकी ऊर्जा खातो. त्याची काच खाली ओढून ठेवा एवढं जरी लोकांनी ऐकलं तरी पुष्कळ.)

आणि पंखा म्हणजे मागासलेपणा हे कोणी ठरवलं? सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१९ मध्ये ‘एसडीई ४’ नावाची इमारत उघडली. वर्षभराचा वापर आणि स्वतःची निर्मिती यांचा मेळ बसावा अशी आखलेली. तिथे हवा गारठवत नाहीत. थोडीच थंड करतात आणि डोक्यावर पंखे फिरवतात. वरचं छप्पर भिंतींच्या बरंच पुढे काढलंय, खाली सावली पडावी म्हणून. सिंगापूरच्या दमट हवेत हे चालतं. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, गांडो गावात, आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये मातीच्या विटांची शाळा बांधली. पत्र्याचं छप्पर छतापासून वर उचललंय, मधून वारा जातो आणि गरम हवा घेऊन जातो. एसी नाही, काचेचा दर्शनी भाग नाही. २०२२ मध्ये त्याच केरे यांना प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं. आमच्या सल्लागारांनी लाल पेनाने खोडलं असतं ते छप्पर. ‘दोन-दोन छतं कशाला?’

माझा राग नुसत्या एसीवर नाहीये. ‘शून्य’ म्हणताना हिशोब फक्त वीजबिलाचा मांडतात. पहिलं मूल वर्गात पाऊल टाकण्याआधीच जो कार्बन हवेत गेला, त्याचं काय? जगभरच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के. त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नसतोच. चुनखडी भाजली की तिच्या पोटातलाच वायू बाहेर पडतो, भट्टी कशावरही चालवा. वर पोलाद, काच, ॲल्युमिनियम वेगळंच. ते पाप पॅनेलांनी फेडायचं तर वर्षानुवर्षं जातील, आणि इथे पत्रिकेत ते धरलेलंच नाही.

आणि या इमारतीसाठी जुनी पाडली. ते मला अजून गिळवत नाही. जाड भिंतींची, उंच छताची, भर उन्हाळ्यात आत शिरलं की बरं वाटायचं. सांगाडा धड आहे, छप्पर आणि वायरिंग दुरुस्त करा, असं तपासणी करणारा इंजिनिअर म्हणाला होता. पण निविदेत शब्द होते ‘नवीन इमारतीचे बांधकाम’. म्हणजे दुरुस्तीचा पर्याय कोणी द्यायचा म्हटला तरी देता येणार नव्हता.

माझं सगळं म्हणणं या निविदेपाशी येऊन थांबतं. कार्बन गच्चीवर ठरत नाही, कागदावर ठरतो, तोही आर्किटेक्ट नेमण्याआधी. निविदेत मागितलं नाही ते इमारतीत येत नाही. आणि मागितलं पण मोजायची अट घातली नाही, तर ते येतं आणि लाल पेनाने जातं.

करायचं मनात असेल तर करता येतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या गोल्डनला तिथल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने आपलं नवं कार्यालय बांधलं, २०१० मध्ये लोक तिथे कामाला बसू लागले. (शाळा नाही, माहीत आहे मला.) त्यांनी किंमत आधीच बांधून टाकली. वर्षाला दर चौरस फुटामागे किती ऊर्जा चालेल तो आकडा निविदेतच लिहिला. मग डिझाइन आणि बांधकाम मिळून करणाऱ्या गटांना म्हणाले, पैसे एवढेच, यात जास्तीत जास्त काय देता ते बोला. त्यामुळे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि कंत्राटदार पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसले. उजेड मधल्या टेबलांपर्यंत पोचावा म्हणून इमारतीची रुंदीच त्यांनी ६० फुटांवर ठेवली. तिथे सावली खोडून पैसे वाचवायचा प्रश्नच नव्हता, खोडली की ऊर्जेचा आकडा चुकणार आणि कंत्राट अडकणार.

आमच्याकडे छज्जे खोडले तेव्हा कोणाचं काय अडकलं? कोणाचंच नाही. ज्याने खोडले त्याला वीजबिल येत नाही. ज्याला बिल येतं तो त्या खोलीत नव्हता. काका होते, पण त्यांना हसले.

हां, सर्वात कमी दराची निविदा घ्यायची हा नियम लोकांनी हात मारू नयेत म्हणून आलाय, ते कळतं मला. पण कमी दर कशाचा ते तरी ठरवा. नुसत्या बांधकामाचा, की तीस-चाळीस वर्षांच्या विजेचा, दुरुस्तीचा आणि काचा पुसण्याचा मिळून?

आणि किल्ल्या देऊन मंडळी पसार होतात त्याचं काय? कागदावर सांगितलेल्या ऊर्जेपेक्षा प्रत्यक्षातला वापर कितीतरी जास्त निघतो, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणूनच ब्रिटनमध्ये ‘सॉफ्ट लँडिंग्ज’ नावाची पद्धत काढली, ज्यात डिझाइन करणारे ताबा दिल्यावरही तीन वर्षांपर्यंत येत राहतात, मीटर बघतात, वापरणाऱ्यांना विचारतात. आमच्याकडे आले तरी बघणार काय? मजल्यांचे मीटर तर रेघेखाली गेले. आज वीज कुठे जाते हे काकांना कळतं ते हात लावून, कुठला पॅनेल बोर्ड जास्त तापलाय त्यावरून.

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, कारण आजच्या तासाला काय झालं ते आठवलं. एका मुलीने विचारलं, ‘मॅम, काच किती गरम आहे ते मोजू या?’ मग प्रयोगशाळेतून थर्मामीटर आले. एक काचेला चिकटवला, एक पडद्याच्या आत, एक मागच्या बाकावर. पोरांनी फळ्यावर आलेख काढला, भांडून भांडून. उष्णतेचं प्रारण मी इतकं चांगलं कधी शिकवलेलं नाही. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये २०१५ ला सुरू झालेली डिस्कव्हरी नावाची प्राथमिक शाळा आहे, वर्षभरात वापरते तेवढी ऊर्जा स्वतः तयार करणारी. तिथे शाळेची वीज किती बनली, किती खर्च झाली हे मुलांना पडद्यावर दिसतं आणि ते आकडे घेऊन ती गणितं करतात. आमच्या पोरांनाही हवंय की ते. त्यांनी आज जे मोजलं ते समितीने मोजलं असतं तर!

आता ग्रंथालयाच्या नव्या इमारतीची निविदा तयार होतेय. मी अर्ज दिलाय. ऊर्जेचा आणि साहित्यातल्या कार्बनचा आकडा निविदेतच लिहा, सावली आणि मीटर ‘बचती’तून वगळा, जुना भाग दुरुस्त करण्याचा पर्याय खुला ठेवा, आणि काकांना समितीत घ्या, कोपऱ्यात नाही, टेबलाशी. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भुवया उंचावल्या.

इथे आमचे बरेच माजी विद्यार्थी आहेत, त्यातले काही आता दणकून देणग्या देतात. बाळांनो, या खेपेला प्रवेशद्वार नको. छज्ज्यांसाठी पैसे द्या. नाव हवं तर छज्ज्यावर कोरून घ्या, मोठ्या अक्षरांत. कोरणाऱ्याची शिडी मी स्वतः धरते.